गाळातला गुलाबी धागा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या प्राध्यापक महेश्वर मंद्रुपकरांना थंडी वाजत नाही. सोलापुरात तशी ती कुणालाच वाजत नाही. तरीही वर्षातले बरेच महिने त्यांच्या खांद्यावर शाल असते, कारण तेवढे महिने कुणी ना कुणी त्यांचा सत्कार करत असतं. वाचनालयाचा वर्धापनदिन असो, पतसंस्थेची सभा असो, कुणाच्या मुलाची मुंज असो, सर गेले की सत्कार ठरलेला. मुंजीत सत्कार का, असं मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं होतं. विजयमालावहिनी म्हणाल्या, बटूपेक्षा हेच जास्त वेळ बोहल्यावर चढल्यासारखे उभे होते.

मी त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवते आणि त्यांच्याच खाली दुसऱ्या मजल्यावर राहते. गावातली निम्मी मानपत्रं माझ्याकडून लिहून घेतात. फुकट. सरांना लागलेलं ‘पर्यावरणमहर्षी’ हे विशेषण माझंच. तेव्हा घाई होती आणि दुसरं सुचलं नाही.

सर मूळचे दुधनीचे. वडील तिथल्या शाळेत मास्तर. घरात मराठी, गल्लीत कानडी, आणि वडिलांच्या निरोप समारंभात मिळालेली एक शाल देवघराशेजारी घडी घालून ठेवलेली. ती शाल पाहत पाहत हा मुलगा मोठा झाला. सोलापुरात शिकला, रसायनशास्त्र शिकवायला लागला, जुळे सोलापूर या भागात फ्लॅट घेतला. मग पर्यावरण हा विषय सगळ्या वर्गांना सक्तीचा झाला. तो कुणालाच नको होता, म्हणून सरांकडे आला. सरांनी तो असा काही धरला की वर्षभरात आपल्याला या विषयाची ओढ लहानपणापासूनच होती, असं ते स्वतःच सांगायला लागले.

आपलं सोलापूर चादरींचं, टॉवेलांचं गाव. चांगलं जाड सुती कापड इथं घरोघर विणलं गेलं. पण सत्काराला आपल्याला शाल लागते ती बाहेरून गठ्ठ्यानं आलेली, चकचकीत, काठाला गोंडे असलेली, सुताचा एक धागा नसलेली. अशा शालींनी सरांच्या घरातलं एक कपाट भरलेलं आहे. वहिनी त्या पुढे सत्काराला देऊन टाकतात. एक मोरपंखी शाल अशी फिरत फिरत पुन्हा सरांच्याच खांद्यावर आली होती. ती त्यांनी ओळखली नाही, पण वहिनींनी ओळखली, कारण एका कोपऱ्यावर आमटीचा डाग होता.

शाल मिळाली की ती लगेच काढायची नाही, हा सरांचा नियम. ज्यानं घातली तो समोरून हलेपर्यंत शाल उतरवणं म्हणजे त्याचा अपमान, असं ते म्हणत. तो गेल्यावरही उतरवत नसत. मे महिन्यातसुद्धा शाल पांघरून स्कूटरवरून, मुद्दाम आसरा चौकाला वळसा घालून घरी येत. मी एकदा भाजी घेताना त्यांना तसं जाताना पाहिलं. घामानं निथळत होते आणि चेहरा अगदी तृप्त होता.

असा हा माणूस एके दिवशी संशोधनाला लागला. कुठल्याशा थंड देशातल्या लोकांनी तलावावर गोठलेल्या बर्फात आणि तळाच्या गाळात प्लॅस्टिकचे बारीक कण शोधले होते. तांदळाच्या दाण्याहून लहान, काही तर डोळ्यांना न दिसणारे. पिशव्यांचे, बाटल्यांचे, कपड्यांच्या धाग्यांचे हे तुकडे वाऱ्यापाण्याबरोबर कुठेही पोचतात, माशांच्या पोटात जातात, आपल्याही जातात. विषय खरोखर महत्त्वाचा होता, हे मी कबूल करते. सरांनी तोच विषय उचलला आणि अर्ज पाठवला. फक्त मथळा उचलताना जरा जास्तच उचलला गेला. प्रकल्पाचं नाव पडलं, ‘सोलापूर परिसरातील तलावांमधील बर्फ व गाळ यांतील सूक्ष्म प्लॅस्टिकचा अभ्यास’.

सोलापुरातल्या तलावाला बर्फ कुठून येणार, हा प्रश्न कॉलेजात कुणाला पडला नाही. वर अनुदान देणाऱ्या समितीलाही पडला नाही. प्रकल्प मंजूर झाला आणि त्याबद्दल सरांचा सत्कार झाला.

तलाव निवडला तो दुधनीच्या वाटेवरच्या एका गावाचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले सरपंच प्रभुलिंगअण्णा अजून निवडून येतात आणि त्यांना माझा पत्ता माहीत आहे. तलाव जुना, कुठल्याशा दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून खणलेला, शंभरेक वर्षांपूर्वीचा. एका बाजूला दगडी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर गावातल्या बायकांचं धुणं. तलावात स्टीलची नळी खुपसायची, गाळाचा लांब दांडा बाहेर काढायचा, काठावरच काकडीसारख्या त्याच्या चकत्या करायच्या. वरची चकती अलीकडची, खालची जुनी. मग कॉलेजात नेऊन ती जड क्षाराच्या पाण्यात घोळवली की माती खाली बसते आणि प्लॅस्टिक वर येतं. ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

सरांच्या हाताखाली उत्कर्षा नावाची मोहोळची मुलगी पीएच.डी. करत होती. काम सगळं तीच करायची. सरांनी प्रयोगशाळेच्या दारावर ठळक अक्षरांत नियम लावले होते. अंगावर फक्त सुती कपडे. गाळ कापताना शेजारी स्वच्छ पाण्याची काचेची वाटी उघडी ठेवायची. हवेतून, आपल्या कपड्यांतून जे पडतं ते तिच्यातही पडतं, म्हणजे गाळातलं खरं किती आणि आपणच टाकलेलं किती, ते कळतं. नियम उत्तम होते. उत्कर्षा सुती पंजाबी ड्रेस घालून यायची, केसांना सुती रुमाल बांधायची.

आणि सर यायचे. प्रभुलिंगअण्णांनी निवडणुकीच्या वेळी शालींचा गठ्ठा घेतला होता, सगळ्या गुलाबी. शास्त्रज्ञ गावात आले म्हणताच त्यांनी पहिल्याच दिवशी तलावाच्या काठावर सरांना गुलाबी शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. दुसऱ्या खेपेला पुन्हा. तिसऱ्या खेपेला पुन्हा. अण्णांना दुसरं काही काम नव्हतं, त्यामुळे गाळ कापून होईपर्यंत ते शेजारीच खुर्ची टाकून बसायचे. आता घालणारा समोर बसलेला असताना शाल काढायची कशी? सर शाल पांघरूनच चकत्यांवर वाकायचे आणि शालीचे गोंडे गाळावरून फिरायचे. दारावरचे नियम ज्यानं लिहिले त्यालाच ते वाचून दाखवायचे, एवढी हिंमत कुठल्या विद्यार्थ्याची असते? उत्कर्षानं एकदा “सर, उकडतंय ना?” असं विचारून पाहिलं. सर म्हणाले, संशोधकाला ऊन-पाऊस नसतो.

मग निकाल आले. गाळाच्या प्रत्येक चकतीत गुलाबी धागे. वरच्या थरात गुलाबी, मधल्या थरात गुलाबी, अगदी तळाच्या, तलाव खणला तेव्हाच्या थरातसुद्धा गुलाबी. उत्कर्षाला शंका आली. शंभर वर्षांपूर्वी असले धागे जगात नव्हतेच, मग ते तळाशी कसे? शिवाय स्वच्छ पाण्याच्या वाटीतही तेच होते. सर म्हणाले, धागे झिरपत खाली गेले असतील, आणि वाटी तू निष्काळजीपणे ठेवली असशील, फेकून दे. तिनं मान डोलावली. वाटी मात्र झाकण लावून कपाटात ठेवली.

मध्ये समितीकडून विचारणा आली की गाळाचं समजलं, बर्फाचं काय? कॉलेजात धावपळ उडाली. अखेर एका रविवारी सकाळी सर एकटेच, साधा सुती शर्ट घालून, स्कूटरवर काचेची बरणी घेऊन तलावावर गेले. कुणाला कळवलं नव्हतं, त्यामुळे सत्कार झाला नाही. पाणी आणलं, स्टीलच्या वाट्यांत ओतलं आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवून त्याचा ‘तलावातील बर्फ’ तयार केला. वहिनींना सांगायचं राहिलं. संध्याकाळी प्राचार्य आले, वहिनींनी लिंबूसरबत केलं आणि त्यात दोन वाट्यांमधला बर्फ घातला. प्राचार्यांनी सरबताचं कौतुक केलं आणि आणखी एक ग्लास मागितला. सर समोर बसून प्रकल्पाचा एकेक नमुना प्राचार्यांच्या घशाखाली उतरताना पाहत होते आणि हसत होते, असं वहिनींनी मला सांगितलं. प्राचार्यांना काही झालं नाही.

उरलेला बर्फ तपासला. त्यात गुलाबी धागा एकही नव्हता. सरांनी अहवालात लिहिलं की हे धागे पायऱ्यांवर धुतल्या जाणाऱ्या साड्यांचे आहेत, आणि जड असल्यामुळे पाण्यात राहत नाहीत, थेट तळ गाठतात. या सिद्धांतासाठी त्यांचा एक छोटा सत्कार झाला. स्थानिक पेपरात चार कॉलमी बातमी आली, ‘तलावाच्या पोटात गुलाबी विष’, आणि खाली सरांचा फोटो, शालीसकट.

इथपर्यंत मी हसत होते. माझं हसू थांबलं ते पुढच्या गोष्टीनं.

बातमी वाचून प्रभुलिंगअण्णांनी धुण्याच्या पायऱ्या बंद केल्या. पायऱ्यांना लागूनच त्यांच्या मेहुण्याचं लग्नाचं लॉन होतं, आणि वरातीच्या फोटोत मागे धुणं बडवणाऱ्या बायका येतात ही त्याची जुनी तक्रार होती. आता विज्ञानच मदतीला आलं. बायकांच्या साड्यांचे रंगीत धागे तलावात जातात, म्हणून पायऱ्यांना काटेरी तार आणि वर मोठा फ्लेक्स: ‘ज्येष्ठ संशोधक प्रा. डॉ. मंद्रुपकर सर यांच्या संशोधनानुसार येथे कपडे धुण्यास सक्त मनाई’. अर्ध्या फ्लेक्सवर हसणारे सर, अर्ध्यावर नमस्कार करणारे अण्णा. मेहुणा कोपऱ्यात, लहानसा.

आठवड्याभरानं त्या गावच्या सोनाबाई आणखी दोघींना घेऊन एस.टी.नं आमच्या कॉलेजात आल्या. वय साठीकडे झुकलेलं, गुडघे दुखरे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आणि धुणं घेऊन आता ओढ्याच्या पलीकडच्या विहिरीवर जावं लागत होतं, डोक्यावर बोचकं घेऊन, उन्हात. मालकानं येऊ दिलं तर. सरांनी एक शब्द टाकावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी तेव्हा परीक्षेचे पेपर सरांकडे पोचवायला प्रयोगशाळेत गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

“सर, तुमी शिकल्याली माणसं,” सोनाबाई म्हणाल्या. “तुमी सांगिटलं तर अण्णा आयकतंय.”

सरांनी त्यांना बसवलं, पंखा लावला आणि विज्ञान समजावून द्यायला घेतलं. पडद्यावर गोठलेला तलाव दाखवला, त्यावर केसाळ कोट घालून उभी असलेली माणसं दाखवली. हे आंतरराष्ट्रीय काम आहे, इथे भावनेला जागा नाही, असं सांगितलं. सोनाबाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तिथल्या बायका धुणं कुठे धुतात? सरांनी पुढचं चित्र लावलं.

बायका गेल्यावर उत्कर्षानं कपाट उघडलं आणि ती झाकलेली वाटी सरांच्या टेबलावर आणून ठेवली. ती म्हणाली, “सर, ही गाळाची नाही, नुसत्या पाण्याची वाटी आहे. हिच्यात कुणी साडी धुतलेली नाही.” सर भडकले. पीएच.डी. कुणाच्या सहीनं मिळते याची त्यांनी तिला माझ्यासमोर आठवण करून दिली. ती वाटी तिथेच ठेवून निघून गेली.

त्या रविवारी वहिनींनी कपाटातल्या शाली बाल्कनीत उन्हात टाकल्या. सर तिथेच काळ्या पँटला इस्त्री करत होते. इस्त्री करून पँट उचलली तर तिच्यावर बारीक गुलाबी केस. झटकले, पुन्हा आले. वहिनी म्हणाल्या, त्या सरपंचाच्या शाली मेल्या भुशासारख्या गळतात, मी तर पापड वाळवायला ठेवताना त्यांना जवळ येऊ देत नाही. सर पँट तशीच घेऊन कॉलेजात गेले. वॉचमननं दार उघडलं. दुपारी जेवायलाही आले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. पुढच्या आठवड्यात त्या गावात त्यांचा नागरी सत्कार होता, त्याच तलावाच्या काठी, आणि मानपत्र अर्थात मी लिहिलं होतं. सर खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, “मॅडम, मानपत्रातला ‘शोध’ हा शब्द काढाल का?”

मी म्हटलं, त्याऐवजी काय घालू? तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली शालीचा धागा आणि गाळातला धागा शेजारी शेजारी ठेवले होते. वेगळे करता येत नव्हते.

मला खूप राग आला. मी म्हटलं, एक शब्द काढून काय होतंय? उद्याच जाऊन अण्णांना सांगा, तार काढायला लावा. सर जमिनीकडे पाहत म्हणाले की मंडप ठरलाय, जेवण ठरलंय, लोक काय म्हणतील. मग म्हणाले की वडिलांच्या शालीशेजारी आपली एक खरी ठेवावी अशी फार इच्छा होती. मला क्षणभर त्यांची दया आली. पण सोनाबाईंच्या गुडघ्यांची जास्त आली, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. ते उठून गेले.

सत्काराच्या दिवशी आम्ही गेलो. मंडप लॉनवरच, पाठीमागे तलाव, मध्ये काटेरी तार. नवा फ्लेक्स, त्यावर सर आणखी हसरे. बायका मंडपाच्या शेवटी उभ्या होत्या, त्यांत सोनाबाई. मी मानपत्र वाचलं. ‘शोध’ हा शब्द मी काढला नव्हता; उलट वाचताना त्यावर जोर दिला आणि सरांकडे पाहिलं. ते घामेघूम झाले होते, अंगावर शाल नसताना.

अण्णांनी गठ्ठ्यातली गुलाबी शाल उलगडली. सरांनी त्यांचा हात धरला आणि माईक ओढून घेतला.

“गाळात सापडलेला धागा या शालीचा आहे,” ते म्हणाले. “गाळ कापताना मी ही शाल अंगावर ठेवली, ती चूक माझी. या बायांच्या धुण्यावर मी जे लिहिलं ते खोटं आहे. ती तार काढा.”

तेवढ्यात अण्णांनी दुसरा माईक घेतला.

“बगा मंडळी, केवढं मोठं मन,” ते म्हणाले. “एवढा मोठा माणूस, पन दोष सोताकडं घेतंय. याला म्हंत्यात नम्रता.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत अण्णांनी शाल सरांच्या खांद्यावर टाकलीसुद्धा, आणि फोटोग्राफरनं फोटो काढला. सर ‘नाही, नाही, खरंच’ म्हणत राहिले, आणि ते जितकं म्हणाले तितक्या टाळ्या वाढल्या. खरं बोलणारा माणूस इतका हतबल झालेला मी कधी पाहिला नव्हता.

सोनाबाई पुढे आल्या. माईक कुणी दिला नाही, गरजही नव्हती.

“गळतीया तुमची शाल,” त्या म्हणाल्या. “मग शाली बंद करा की. आमच्या पायऱ्या कशापायी बंद?”

अण्णा म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ, ठराव करावा लागंल. सोनाबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी अण्णांकडे पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घालणारा समोर उभा असताना, सगळ्या गावादेखत, आणि खुर्चीवर ठेवली. आयुष्यात त्यांनी असं पहिल्यांदा केलं. तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बायका ठरावासाठी थांबल्या नाहीत. मंडपात जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा त्यांनी कोयत्यानं तार तोडली आणि पायऱ्यांवरचा फ्लेक्स खाली ओढला. अण्णांना ते दिसलं. पण समोर पाहुणे होते आणि निवडणूक जवळ होती, म्हणून ते वाढप्यांवर ओरडत राहिले.

पुढे सरांनी अहवाल मागे घेतला. ते पेपरात शेवटच्या पानावर, रेल्वेच्या वेळापत्रकाखाली आलं. त्याबद्दल कुणी सत्कार केला नाही. उत्कर्षानं पुन्हा गाळ काढला, या वेळी सर बनियनवर सुती शर्ट घालून लांब उभे राहिले. तिला खरे निकाल मिळाले. वरच्या थरात गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, साड्यांचे थोडेसे धागे, आणि सगळ्यांत जास्त रंगीत पापुद्रे: वाढदिवसाच्या, निवडीच्या, अभिनंदनाच्या फ्लेक्सचे. तिला पीएच.डी. मिळाली. प्राचार्य म्हणाले, निष्कर्ष जरा सौम्य करता आले असते.

परवा दुधनीला लग्नाला जाताना मी त्या तलावाशी गाडी थांबवली. पायऱ्यांवर धुणं जोरात चाललं होतं. दगड खडबडीत, कपडे फाटतात, म्हणून बायकांनी तोच फ्लेक्स पायरीवर अंथरला होता. सोनाबाईंनी मला ओळखलं, बसायला जागा केली, सरांची खुशाली विचारली. विचारता विचारता त्या एक चादर फ्लेक्सवर बडवत होत्या, बरोबर सरांच्या चेहऱ्यावर. एक गाल पार उडाला होता आणि त्याचे रंगीत पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगत होते. पुढचा कुणी संशोधक तिथे नळी खुपसेल, तेव्हा त्याला गाळात सर सापडतील, या वेळी खरोखर.